आधी सांगून माप

माप घेताना माझी एक सवय आहे. टेप लावण्याआधी मी सांगते, "आता खांदा मोजते. आता कंबर." गिऱ्हाइकं हसतात. एक जण म्हणाली, "स्टेशनवर गाडी लागल्यासारखं वाटतं हो!" वाटू दे. फक्त आई हसत नाही. टेप लागली की ती पोट आत ओढून श्वास रोखून धरते, आणि मग कपडा घट्ट होतो. "फोटो नाही काढत तुझा," असं मी तिला चिडवते.

सतराव्या वर्षी ज्या मास्तरकडे शिवण शिकायला होते, तो न सांगता मापं घ्यायचा. कपड्यांसाठी नाही.

दहा वर्षांनी तक्रार केली. कोर्टात पहिल्या तारखेला त्याच्या वकिलानं "नेमकं काय झालं?" असं विचारलं आणि माझी वाचाच बसली. मानेवर मास्तरचा तेव्हाचा श्वास आला, बस्स. माझ्या वकीलबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "पुढच्या वेळीही असंच झालं तर तो सुटलाच म्हणून समजा." मध्ये सहा आठवडे होते.

म्हणून मी ध्यानाच्या वर्गाला गेले. पुण्यबिण्य कमवायला नाही. औषधांच्या दुकानावरची खोली, चटया आणि मुंडन केलेली साठीची भिक्खुणी. "डोळे मिटा. श्वासाकडे बघा." मला दरदरून घाम फुटला. श्वास म्हणजे तर तोच! तेवढ्यात तिनं मागून येऊन माझ्या खांद्याला हात लावला. वाकलेल्या पाठी ती अशाच सरळ करायची. माझं कोपर तिच्या तोंडावर बसलं आणि ओठ फुटला.

वर्ग सुटल्यावर ओठाला बर्फ लावून ती माझ्यासमोर बसली. मी सगळं सांगितलं, मापाच्या सवयीसकट.

"वीस वर्षं लोकांच्या पाठी न विचारता सरळ करतेय मी," ती म्हणाली. "बरी अक्कल दिलीत. श्वास राहू द्या. डोळे उघडे ठेवा. गुडघे उभे करून पायांचे तळवे जमिनीला टेकवा, तेवढंच बघत राहा. तो आठवला तर आठवू दे. तळवे सोडू नका."

सहा आठवडे मी तळव्यांवर लक्ष धरून बसले. वर्गाच्या शेवटी सगळ्यांचं भलं चिंतायचं असे. मी म्हटलं, "मास्तर सोडून."

"सोडा की. घाई कुणाला आहे?"

पुढच्या तारखेला कोर्टात आई आली, मागच्या बाकावर बसली. तिनंच मला मास्तरकडे घातलं होतं. "माप घेताना हात लागतोच गं," हे तिचं दहा वर्षांचं पालुपद.

वकिलानं तोच प्रश्न विचारला. मानेवर श्वास आला. मी चपला काढल्या. फरशी गार होती. मग बोलले. हात कुठे, किती वेळ, दाराची कडी कुणी लावली, सगळं. दोनदा अडखळले, पुन्हा बोलले. निकाल यायचाय.

दुसऱ्या दिवशी आई कापड घेऊन दुकानात आली. "कोट शिव," म्हणाली. मी टेप उचलली. तिनं श्वास रोखलाच.

"आता छाती मोजते."

"मला असं कुणी सांगितलं नव्हतं," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "तू व्हायच्या आधी मीपण होते त्याच्याकडे. शिकायला."

टेप माझ्या हातात तशीच राहिली. "आणि तरी मला पाठवलंस?"

"मला वाटलं, आता वय झालंय त्याचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला ढकलून द्यावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी चपला काढल्या आणि नुसती उभी राहिले. खाली फरशी होती. समोर आई होती, खांदे वर घेऊन, ओठ आवळून.

"श्वास सोड, आई," मी म्हटलं. "तो इथे नाही."

तिला सोडता येईना.