ऑर्व्हलमामाचा न सापडलेला गुन्हा

माझा ऑर्व्हलमामा तुरुंगात जाऊन आलेला आहे, हे आमच्या टॅम्ब्लिन काउंटीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने ते कधी लपवलं नाही आणि कुणी त्याच्या तोंडावर काढलंही नाही. १९७१ साली, एकोणीस वर्षांचा असताना, वेंडल प्राऊटीच्या गवताच्या कोठारात तो चोरून सिगारेट ओढायला बसला आणि कोठार जळून गेलं. आत दोन घोडे होते. मामा तीन वर्षं सोलवेला राहून आला. आमच्याकडे ‘सोलवेला गेला’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. राज्याचा तुरुंग त्याच गावात आहे.

परत आल्यावर त्याने चाळीस वर्षं गुरांच्या लिलावाच्या बाजारात काम केलं. लग्न केलं नाही. निवृत्त झाला आणि घरात त्याचा जीव रमेना. गावातल्या वृद्धांच्या केंद्राला एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे दुपारचं गरम जेवण पोचवायला गाडीवाला हवा होता. मामाने फॉर्म भरला. ‘कधी गंभीर गुन्हा शाबीत झाला आहे का?’ असा त्यात प्रश्न होता, तिथे त्याने ‘हो’ वर खूण केली. केंद्राच्या बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, इतकी जुनी गोष्ट आड येणार नाही, फक्त कोर्टातून निकालाची नक्कल आणा, म्हणजे मला समितीपुढे ठेवता येईल.

मामाला कोर्टाची पायरी चढवेना. म्हणून मी गेले.

कोर्टाच्या नोंदी सांभाळणारी ट्विला माझ्याबरोबर शाळेत होती. गुन्ह्यांच्या नोंदी कुणीही बघू शकतो, ती म्हणाली, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कॉम्प्युटरवर १९९० च्या पुढचंच सगळं होतं. त्याआधीचं तळघरात. आम्ही दोघी खाली गेलो. तिथली रजिस्टरं एवढी जाडजूड की एकेक दोघींनी मिळून उचलावं लागे. १९७१ च्या ‘के’ अक्षराखाली क्लॉसनर या मामाच्या आडनावाचा एकच माणूस होता आणि त्याने गाई चोरल्या होत्या. तो आमच्यातला नव्हता. आम्ही १९७२ पाहिलं, १९७० पाहिलं. कुणी आडनाव चुकीचं लिहिलं असेल म्हणून ‘सी’ आणि ‘जी’ सुद्धा पाहिलं. आग, कोठार, प्राऊटी, कशाचाच पत्ता नव्हता.

मला वाटलं, पानं फाटली असतील. ट्विलाने पानांचे आकडे मोजून दाखवले. एकही गळलेलं नव्हतं.

तिने वर येऊन तुरुंगाच्या कचेरीला फोन लावला. अर्ध्या तासाने उत्तर आलं: ऑर्व्हल क्लॉसनर नावाचा कैदी सोलवेच्या तुरुंगात कधीच नव्हता.

“अगं, पण तो तीन वर्षं तिथे होता,” मी म्हणाले. “माझी आई त्याला पत्रं लिहायची.”

ट्विलाने उठून दार लोटलं. मग तिने नजर खाली घालून सांगितलं, “नेडा, इथे एक कपाट असं आहे की त्यातले कागद मी कुणालाच दाखवू शकत नाही. त्यात काही आहे, असंही मी सांगू शकत नाही. नाही, असंही सांगू शकत नाही. तू आईला विचार.”

मी पायऱ्या उतरले ते डोकं धरूनच. एवढ्या लोकांच्या आठवणी खोट्या की ती रजिस्टरं खोटी, हे मला कळेना. घरी जाऊन मामाला काय सांगायचं हेही कळेना. मी गाडी तडक आईकडे वळवली.

आई, म्हणजे मामाची मोठी बहीण आर्डिथ, तेव्हा वृद्धाश्रमात होती. गुडघे गेले होते, पण डोकं शाबूत होतं. खिडकीशी बसून ती सोयाबीनच्या शेतात चाललेली कापणी बघत होती. मी सगळं सांगितलं. तिने आधी विषय बदलून पाहिला, मग पाणी मागितलं. दोन घोट घेऊन ती बोलायला लागली.

प्राऊटी शेरीफकडे, म्हणजे पोलिसांत, गेलाच नव्हता. तो आमच्या आजोबांकडे आला. पोरगं तीन वर्षं माझ्या नजरेला पडता कामा नये, मग मी तक्रार करत नाही, असं त्याने सांगितलं. आजोबांनी मान्य केलं. पण तीन वर्षं पोराला ठेवायचं कुठे? सोलवेला तुरुंगाच्याच रस्त्यावर, पुढच्या वळणाला, मनोरुग्णालय आहे. आजोबांनी ओळखीच्या डॉक्टरची चिठ्ठी घेतली, न्यायाधीशाच्या खोलीत दहा मिनिटांत सह्या झाल्या, आणि मामाला गाडीत घालून नेलं. वाटेत एवढंच सांगितलं, “केलंस ते भोगून ये.”

“मग तुरुंगात आहे असं का सांगितलं लोकांना?”

“आम्ही नाही सांगितलं. सोलवेला आहे म्हणालो. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं, आणि आम्ही तसंच राहू दिलं.” थोडं थांबून ती म्हणाली, “माझं लग्न ठरलं होतं, नेडा. तुरुंगातला भाऊ लोक पचवतात. वेड्यांच्या इस्पितळातला भाऊ म्हटलं की तुझ्या बापाच्या आईने मुलगा दिला नसता. रक्तातच आहे म्हणाली असती.”

“आणि मामाला? त्याला तरी कळू द्यायचं.”

“त्याला माहीत असेल असंच वाटायचं मला,” आई म्हणाली. “आणि नसेल, तर आपण कशाला सांगा.”

त्या संध्याकाळी मी मामाकडे गेले. तो ओट्याशी उभा राहून बटाटे सोलत होता. मी जमेल तसं सांगितलं. तो हसला. कुणीतरी गोंधळ घातलाय म्हणाला. त्याला सगळं नीट आठवत होतं: विटांची इमारत, खिडक्यांना जाळ्या, भोवती उंच कुंपण. तो कपडे धुण्याच्या खात्यात होता. त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाने खरोखर खून केला होता, कोर्टानेच तपासणीसाठी पाठवलं होतं त्याला. संध्याकाळी गोळ्या सगळ्यांनाच देत, मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून, असं तो समजून होता. आठवड्यातून एकदा डॉक्टर विचारायचा, तुला कसं वाटतं? मामा दर वेळी सांगायचा, पस्तावा वाटतो. तेच विचारत असतील अशी त्याची समजूत. न्यायाधीशाच्या खोलीत झालेल्या सह्या म्हणजेच खटला, हेही त्याने तसंच धरलं होतं.

मग त्याचे हात थांबले.

“मग मला शिक्षा कुणी दिली?”

“कुणीच नाही, मामा. तुझ्यावर खटलाच झाला नाही.”

“असं कसं? मी भोगली ना.” तो खुर्चीत बसला. मग हळूहळू एकेक आठवायला लागला. हरणांच्या शिकारीच्या दिवसांत सगळे मित्र रायफली घेऊन जायचे, तेव्हा गुन्हेगाराला बंदूक बाळगता येत नाही म्हणून हा मागे राहून त्यांचा स्वयंपाक करायचा. आपला हक्क गेला असं समजून मतदानाला कधी गेला नाही. लिलावाच्या कचेरीत लॅव्हॉन म्हणून मुलगी होती, तिचा बाप धर्मगुरू. तिला काही विचारलंच नाही. हे मला नवीन होतं. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

“नेडा,” तो शेवटी म्हणाला, “मग मी वेडा होतो का?”

“ट्विलाच्या कपाटातल्या कागदांत असेल ते,” मी म्हणाले.

मनोरुग्णालयाचे ते कागद बाकी कुणाला बंद असले तरी ज्याचे त्याला मिळतात, असं ट्विलाने समजावलं. मामाने अर्ज केला. पाच आठवड्यांनी पाकीट आलं. ते त्याने माझ्यासमोर उघडलं आणि चष्मा असूनही मलाच वाचायला लावलं. पहिल्या दोन महिन्यांतच डॉक्टरने लिहिलं होतं: आजाराचं लक्षण नाही, घरी न्यायला हरकत नाही. त्याखाली प्रत्येक तिमाहीला तीच ओळ, वेगवेगळ्या अक्षरांत: वडिलांना कळवले, उत्तर नाही.

मामाने कागद घडी करून परत पाकिटात घातले. आजोबांना जाऊन वीस वर्षं झाली होती. मला त्यांचा संताप आला, पण मामाच्या चेहऱ्यावर तो दिसेना. हिशेब चुकल्यासारखा तो नुसता भिंतीकडे बघत होता. नंतर म्हणाला, “पण घोडे तर मेलेच ना. ते काही खोटं नाही.”

ट्विलाने शिक्का मारून दाखला दिला: या काउंटीत या व्यक्तीविरुद्ध गुन्ह्याची नोंद नाही. केंद्राच्या बाईंनी नवा फॉर्म काढला आणि आता ‘नाही’ वर खूण करा म्हणाल्या. मामा पेन धरून बसून राहिला. खोटं लिहितोय असं वाटतं, तो म्हणाला. शेवटी त्याने ‘नाही’ वर खूण केली आणि बाजूच्या मोकळ्या जागेत आपल्या अक्षरात लिहिलं: ‘कोठार मी जाळले.’ बाईंनी ते वाचलं आणि गाडीच्या किल्ल्या त्याच्या हातात दिल्या.

आईकडे तो दीड महिना फिरकला नाही. मग एका रविवारी माझ्याबरोबर आला. दोघं खिडकीशी बसली. कापणी झालेली, बघण्यासारखं काही नव्हतं. निघताना ती त्याच्या बाहीला धरून म्हणाली, “मी दर आठवड्याला लिहीत होते रे.” तो म्हणाला, “हो, यायची पत्रं.”

आता तो आठवड्यातले चार दिवस जेवण पोचवतो. परवा एका म्हातारबाने त्याला विचारलं, तू क्लॉसनरांचा ना, सोलवेला होतास तो? मामा हो म्हणाला आणि डब्याचं झाकण काढून दिलं. मी गाडीत होते. तो परत आल्यावर मी विचारलं, खरं का नाही सांगितलंस?

“कुठलं?” मामाने विचारलं. तो थट्टा करत नव्हता. माझ्याकडे बघत, उत्तराची वाट पाहत होता. मी यादीचा कागद त्याच्या हातात दिला, तेव्हा त्याने पुढच्या घराचा पत्ता वाचला आणि गाडी सुरू केली.