खताला दाखवलेलं ऊन

पिंपळगाव रेणुकाईच्या उषाबाईंचा झेंडू सलग दोन वर्षं ऐन कळ्या धरायच्या वेळी माना टाकत होता. मुळंच कुजायची. यंदा नवरा पुंजाराम म्हणाला, "औंदा मेला तर तो पाच गुंठ्याचा तुकडा मी कपाशीला घेतो. बिलकुल ऐकणार न्हाई." बावीस वर्षांच्या संसारात उषाबाईंनी हट्टानं मागून घेतलेलं तेवढंच एक रान होतं.

कृषी सहायक रामरावांनी त्यांना मित्रबुरशीची पुडी दिली. मुळं कुजवणाऱ्या बुरशीला ही बुरशी खाते म्हणे! "मंग हिला तोंड असतं का?" उषाबाईंनी विचारलंच. रामराव हसून म्हणाले, "आधी पांढरी दिसेल, मग हिरवी. हिरवी झाली की समजा खत तयार." कुजलेल्या शेणखतात पुडी कालवून, पाणी शिंपडून उषाबाईंनी ढीग लिंबाच्या सावलीत ओल्या पोत्यांनी झाकला आणि चार दिवस बहिणीकडे घनसावंगीला गेल्या.

परतल्या तर खत अंगणभर पसरलेलं, मे महिन्याच्या उन्हात कोरडं ठक्क!

"अगं, पोतं उचललं तर खाली सगळी बुरशी," पुंजाराम ऐटीत म्हणाला. "खत नासून राह्यलं व्हतं. दोन दिवस बराबर ऊन दाखवलं."

ज्वारी असो, पापड असो, बुरशी दिसली की ऊन दाखवायचं, ही या घरची जुनी रीत. बिचाऱ्यानं मदतच केली होती, म्हणून तर उषाबाईंना जास्त राग आला.

"तीच तर लावली व्हती मी! मारली तुमी तिला."

पुंजारामचं तोंड एवढंसं झालं.

पण खरंच मेली का? उषाबाईंना राहवेना. पसरलेल्या खताच्या तळाशी थोडी ओल होती. तिथलं टोपलंभर खत त्यांनी पाणी शिंपडून झाकून ठेवलं. तीन दिवस काहीच दिसलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी जाऊन बघतात तो पुंजाराम आधीच उकिडवा बसून पोत्याखाली डोकावतोय.

"पांढरं सूत धरलंय बघ," तो हळूच म्हणाला. "उद्या हिरवी हुईल का गं?"

त्या टोपल्याचं विरजण लावून दोघांनी सगळं खत पुन्हा कालवलं. पाणी पुंजारामनं आणलं. लावणीला प्रत्येक रोपाच्या बुडाशी मूठमूठ घातलं.

मर लागून रोपं माना टाकायचे दिवस आले. उषाबाईंना घास गोड लागेना. पंधरा-वीस रोपं गेली, बाकीची तग धरून राहिली. न राहवून त्यांनी एक चांगलं रोप उपटलं. मुळं पांढरीशुभ्र होती. उषाबाई बांधावर बसून पोटभर रडल्या.

दसऱ्याला दोघं देवळापुढं टोपल्या मांडून बसली. "झेंडू कुणाचा?" गिऱ्हाइकानं विचारलं.

एरवी सगळ्यालाच 'माझं' म्हणणाऱ्या पुंजारामनं बायकोकडं बोट केलं.

"हिचा. रानबी हिचंच हाये."