झाकण लावलेली दुर्बीण

सायलीने तक्त्याला शेवटची टाचणी टोचली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. शेजारी समर्थचं कांदे निवडणारं यंत्र खडखडत होतं. तिच्याकडे मात्र नुसता लॅपटॉप आणि एक आलेख.

"ए सायले, तुझ्या दुर्बिणीचं बटण कुठंय? दाबू का?"

"तुझ्या यंत्राने मघाशी टोमॅटो पास केला, ते बघ आधी!"

शाळेतून एकच प्रकल्प निफाडला तालुका विज्ञान प्रदर्शनाला जाणार होता. तो आपलाच, हे सायलीने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

परीक्षक होत्या नाशिकच्या कॉलेजातल्या, मूळच्या चांदवडच्या देवरे मॅडम. त्या समोर आल्या आणि सायलीची गाडी सुसाट सुटली. अवकाशातली क्ष-किरण दुर्बीण, तिची कुणालाही उतरवून घेता येणारी निरीक्षणं, आणि त्यात दीर्घिकांच्या एका समूहाभोवती सायलीला सापडलेली अंधुक चमक!

"पण मॅडम, कॅमेऱ्यावर वैश्विक किरणांचे कणही आदळतात. तो नुसता गोंगाट. म्हणून झाकण लावून घेतलेली नोंद वजा करायची. लासलगावला भरली ट्रॉली काट्यावर चढते, मग रिकामी. वजाबाकी केली की उरतो कांदा!"

"वा. भरली ट्रॉली कधीची आणि रिकामी कधीची?"

"निरीक्षण दोन हजार एकोणीसचं. झाकणाची नोंद..." सायली अडखळली. "चोवीसची."

"आमच्या चांदवडला अशी वजाबाकी केलीस ना, तर शेतकरी तुलाच काट्यावर चढवतील," म्हणत मॅडम पुढे गेल्या.

सायलीचे कान तापले. एकोणीस साली सूर्य शांत होता. सूर्य शांत असला की वैश्विक किरण जास्त आत घुसतात, गोंगाट वाढतो. म्हणजे चोवीसच्या नोंदीने तिने गोंगाट कमीच वजा केला होता. हे तिने वाचलं होतं! पण चोवीसची नोंद लांबलचक होती, म्हणून हावरटासारखी तीच उचलली.

"राहू दे गं," तिची मैत्रीण स्नेहल कुजबुजली. "चमक लय भारी दिसते. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना आता!"

तिने लॅपटॉप पुढे ओढला. कॅमेऱ्याच्या कोपऱ्यांवर आकाशाचा उजेड पोचतच नाही. तिथे पडतो तो निव्वळ गोंगाट, आणि तोही त्याच दिवसाचा. दोन्ही नोंदींचे कोपरे ताडून पाहिले. एकोणीसचे सरळसरळ जास्त भरलेले. तेवढ्या पटीने तिने झाकणाची नोंद वाढवली आणि पुन्हा वजा केली.

आलेखावरचा चमकेचा उंचवटा बसला. सपाट! तिने मार्कर उचलला, आणि तक्त्यावरचं 'अदृश्य चमकेचा शोध' खोडून खाली ठसठशीत लिहिलं: 'अवकाशातला गोंगाट कसा मोजावा'. मग थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन तिने मॅडमना चहावरून उठवून आणलं.

मॅडमनी दोन्ही आलेख पाहिले. "मग चमक आहे की नाही?"

"या निरीक्षणावरून सांगता येत नाही, मॅडम. पण गोंगाट किती होता, ते छातीठोक सांगते. आणि याच समूहाची अजून नऊ निरीक्षणं पडलीत. सगळी त्यांच्या त्यांच्या कोपऱ्यांनी मोजणार."

"आता चमक गेली. निफाडला काय दाखवशील?"

"ती कशी गेली, तेच."

समर्थने यंत्र बंद करून कान टवकारले. देवरे मॅडमनी स्टूल ओढलं आणि ऐसपैस बसल्या.

"चल, पहिल्यापासून सांग. आणि सावकाश. निफाडला परीक्षक तिघं असतात, त्यांनाही समजलं पाहिजे."