फुकटचं चॅनेल

स्वयंसेवकांच्या बचाव पथकाचा प्रमुख होता एक प्लंबर, आणि त्याने एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी नाहीच. पथकासाठी वॉकीटॉकी घ्यायचं ठरलं, तेव्हा त्याच्या धाकट्या बहिणीने चौकशी करून दोन वाटा सांगितल्या. परवाना काढला, तर पथकाला स्वतःची फ्रिक्वेन्सी मिळणार होती. बिनपरवान्याचे सेट लगेच मिळत होते, पण त्यांच्या चॅनेलवर कुणीही बोलू शकत होतं.

"दादा, परवाना काढ."

"कशाला नसती कटकट?" म्हणत त्याने बिनपरवान्याचे सेट आणले. वर नियम घालून दिला: सेटवर हुकूम आला की पाळायचा, उलट विचारायचं नाही.

पहिल्या सरावाला जखमी म्हणून बहिणीलाच स्ट्रेचरला बांधलं आणि गच्चीवरून दोरांनी खाली सोडायला घेतलं. ती निम्म्यावर आली तोच सेट खरखरला, "वर घे!" गच्चीवरच्यांनी मुकाट वर ओढली.

"अरे, खाली सोडा!" प्लंबर सेटवर ओरडला. ती खाली येऊ लागली.

"वर घे म्हटलं ना, गाढवा!" सेट पुन्हा खरखरला. ती पुन्हा वर.

समोरच्या बांधकामावरचा मुकादम त्याच चॅनेलवर आपल्या क्रेनवाल्यावर खेकसत होता. तिकडे क्रेनला टांगलेली लोखंडी तुळईसुद्धा तशीच वरखाली होत होती.

प्लंबरने कपाळावर हात मारला. अधांतरी लोंबकळणारी बहीण शांतपणे म्हणाली, "दादा, मला खाली कधी उतरवायचं, ते आता त्या मुकादमालाच विचार. पथक त्याचंच ऐकतंय."