सहा जणांचा कूम

आमच्या सुहालुका गावात लॉबिस्टांची नोंदवही आली ती बंदराच्या धक्क्यामुळे. धक्क्याच्या दुरुस्तीला युरोपचा निधी हवा होता आणि निधी देणाऱ्यांची अट होती: नगरसेवकांकडे कोण, कशासाठी शब्द टाकतं ते लिहून ठेवा आणि लोकांना दाखवा. नगराध्यक्ष येर्कोंनी निळ्या पुठ्ठ्याची वही माझ्या टेबलावर ठेवली.

"पेरिना, ही तुझी. तू फक्त लिहायचं. डोकं लावायचं काम आमच्याकडे."

मी नगरपालिकेची कारकून. सात वर्षं त्यांच्या सभांची इतिवृत्तं लिहितेय, तेव्हा ते काम तिथे कितपत चालतं याची मला कल्पना होती.

वहीचा नियम मंजूर करताना येर्कोंनी त्यात स्वतःच्या हाताने एक कलम घातलं: घरच्या माणसाशी किंवा कूमशी बोलणं हे लॉबिंग नव्हे. बाप्तिस्म्याला, मोठं झाल्यावर बिशपच्या हातून होणाऱ्या दृढीकरणाला किंवा लग्नाला जो आपल्या शेजारी उभा राहतो तो कूम. रक्ताचा नसतो, पण सख्ख्या भावाशी भांडलेला माणूसही कूमशी भांडत नाही.

"आता माणसाने आपल्या कूमबरोबर कॉफी प्यायची तीसुद्धा वहीत लिहून?" येर्को म्हणाले. सभागृह हसलं आणि हात वर झाले.

वहीत पहिली नोंद झाली ती बालवाडीच्या लूचेमावशींची.

बालवाडीमागे पाइनची बावीस झाडं आहेत. जुलैत गावातला दगड न् दगड तापतो तेव्हा मुलं तिथे चटया टाकून झोपतात. माझी तोंका चार वर्षांची आहे. तिसऱ्या झाडाच्या सालीला हात लावल्याशिवाय तिला झोप येत नाही. त्या झाडाचं नाव तिने श्येमे ठेवलंय, आणि घरी निजतानाही ती विचारते, "श्येमे आत्ता एकटाच आहे का गं?" बिल्डर झ्वोनेला त्या जागेवर पाहुण्यांसाठी सदनिका बांधायच्या होत्या आणि उरलेल्या जागेत पार्किंग. ठराव तीन आठवड्यांनी मताला यायचा होता.

लूचेमावशी तीस आयांच्या सह्या घेऊन आल्या. मी लिहून घेतलं. विषय: झाडं तोडू नयेत. मग नियम वाचून दाखवला, कारण ते माझं कामच होतं. नोंद झालेल्या लॉबिस्टने तीस दिवस थांबायचं. तोवर सभेत बोलायचं नाही, नगरसेवकांना भेटायचं नाही.

"म्हणजे मी लॉबिस्ट?"

"नियमाप्रमाणे, मावशी."

"तीस वर्षं या गावाची शेंबडी नाकं पुसली. येर्कोचंही पुसलं असतं, पण तो माझ्या आधीचा." त्यांनी खिडकीतून खाली बघितलं. धक्क्यावरच्या कॅफेत झ्वोने तीन नगरसेवकांना घेऊन बसला होता. "आणि हा कोण मग?"

"त्याची नोंद नाही."

"तो त्यांना साखर किती घेता ते विचारतोय वाटतं."

त्या गेल्यावर मी वही घेऊन येर्कोंकडे गेले. झ्वोनेचं नाव लिहू का, विचारलं.

"वेडी का तू? झ्वोने माझा कूम. माझ्या लग्नात तूच नाही का फुलं उधळत होतीस, एवढीशी?"

"तुमचा आहे, साहेब. पण मत नगरसेवक देणार. त्यांचा तो कोण?"

येर्कोंनी छताकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा उजळला, आणि मला वाटलं, जीभ चावली असती तर बरं झालं असतं.

पुढचे तीन आठवडे आमच्या गावात जी भक्ती उसळली तशी प्लेगच्या काळातही उसळली नसेल. बिशप दृढीकरणाला आले तेव्हा तीन नगरसेवकांच्या मुलांचे कूम म्हणून आधीपासून ठरलेले मामा-काका ऐनवेळी बदलले गेले. तिघांमागे एकटा झ्वोने. कूमने मुलाच्या खांद्यावर हात ठेवायचा असतो, आणि याला हात दोनच. बिशपनी एकाच्या कपाळाला लावलेलं तेल पुसलं जायच्या आत तो पुढच्या खांद्याकडे सरकत होता. बिशपना तो शाळेचा मास्तर वाटला.

चौथ्या नगरसेवकाला नुकतंच बाळ झालं होतं, त्याच्या बाप्तिस्म्यालाही झ्वोनेच. पाचवा जन्मभर देव नाही म्हणून सांगत आलेला, त्याने नऊ वर्षांच्या मुलीला पांढरा फ्रॉक घालून पाण्याखाली धरलं. सहाव्याला मूलच नाही, म्हणून त्याने बारा वर्षं एकत्र राहिलेल्या बाईशी लग्न केलं. ती बाई मला दाखला घेताना म्हणाली, "बारा वर्षांनी विचारलं त्याने. तेही पार्किंगसाठी."

अकरा नगरसेवकांत सहा म्हणजे बहुमत. येर्कोंनी माझ्याकडून अर्ज छापून घेतले: झ्वोने आमचा कूम असून आमचं नातं घरच्यासारखं आहे, सबब आमच्या कॉफीची नोंद नको. सहाही जणांनी सह्या केल्या. चर्चचे दाखले जोडले.

"बघ," येर्को म्हणाले, "गावात लॉबिस्ट किती? एक. तीही बालवाडीची बाई. याला म्हणतात स्वच्छ कारभार."

मी अर्ज फायलीत लावायला घेतले. त्याच फायलीत खाली सभेचे जुने नियम होते, नोकरीला लागल्यावर मी पहिल्यांदा टाइप केलेले. चौदावा नियम मला पाठ होता: घरच्या माणसाच्या किंवा कूमच्या कामावर नगरसेवकाला मत देता येणार नाही, अशांची नावं मतदानाआधी कारकुनाने वाचून दाखवावीत. ते वाक्य मी प्रत्येक सभेत वाचते आणि त्यापुढे "कोणी नाही" म्हणते. आमच्या गावात सगळेच एकमेकांचे कूम, पण तसं कागदावर लिहून कोणी कधी देत नाही. या सहा जणांनी दिलं होतं. शिक्क्यासह.

मी कोणाला काही बोलले नाही. डोकं लावायचं काम माझ्याकडे नव्हतं.

सभेला लूचेमावशी मागच्या बाकावर बसल्या, तोंड मिटून, नियमाप्रमाणे. ठराव पुकारला गेला. मी उभी राहिले आणि सहा नावं वाचली.

आधी कोणाला कळलंच नाही. मग विरोधी बाकावरचे म्हातारे कोळी लूयोआजोबा कानामागे हात धरून म्हणाले, "पेरिना, कमी ऐकू येतं गं मला. परत वाच."

मी परत वाचली, या वेळी तारखांसह.

"म्हणजे हे सहा बाहेर?" आजोबांनी विचारलं.

"हो. आत उरले पाच. मतदानाला सहा लागतात."

"हे अर्ज परत घ्या," येर्को म्हणाले. गळ्यापर्यंत लाल झाले होते. "लगेच."

"घेता येतील, साहेब. मग त्यांच्या कॉफ्या वहीत लिहायला हव्यात. कोण, कधी, कशासाठी. आणि नोंद न करता भेटलेल्या माणसाचं काम वर्षभर सभेपुढे येत नाही. तुमच्याच नियमाचं नववं कलम आहे."

झ्वोने पहिल्या रांगेत बसला होता. त्याने आपल्या सहा नातेवाइकांकडे एकेक करून बघितलं. नववर अंगठीशी चाळा करत होता.

"बोला," लूयोआजोबा म्हणाले, "कूम की कॉफी?"

मी इतिवृत्तात लिहिलं: गणसंख्येअभावी ठराव मताला आला नाही.

दुसऱ्या सकाळी येर्को चर्चमध्ये गेले. हे मला पाद्री आंद्रोंनीच सांगितलं, मासे घेताना, हसू दाबत. कूमचं नातं रद्द करता येतं का, असं विचारत होते म्हणे. "मी म्हटलं, बाळा, ती काय बांधकामाची परवानगी आहे? मरेपर्यंत आहे ते."

लूचेमावशींचे तीस दिवस पुढच्या सभेआधी भरले. त्या पावणेदोन तास बोलल्या. कोणाची मध्ये बोलायची टाप नव्हती. नगरसेवकांतल्या निम्म्यांना त्यांनीच बुटांच्या नाड्या बांधायला शिकवलं होतं. ती जागा वीस वर्षांसाठी बालवाडीच्या नावे करण्याचा ठराव पाच विरुद्ध शून्य मतांनी... नाही, तेवढ्या मतांनी तो होत नाही. सहावा हात नववराचा होता. ठराव झ्वोनेचा नव्हता, बालवाडीचा होता, त्यामुळे त्याला मत देता येत होतं. त्याची बायको मागच्या बाकावर बसून त्याच्याकडे बघत होती.

वहीत आजही एकच नाव आहे. कूमने वाढदिवसाला भेट द्यायची असते, आणि दहाव्या वाढदिवसाला ती मोठी द्यावी लागते. त्या पांढऱ्या फ्रॉकवालीने झ्वोनेकडून लाल सायकल घेतली. दुपारी ती पाइनच्या झाडांमधून घंटी वाजवत जाते. तोंका चटईवरून एक डोळा उघडते, श्येमेच्या सालीवर हात आहे ना ते बघते आणि पुन्हा झोपते.