जंतू मारायची गोळी

“ह्या कॅप्सूल कुणी दिल्या तुम्हाला?”

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर गाठी वाढल्याचा रिपोर्ट होता आणि त्यावर रविराजने ठेवलेली कॅप्सूलची रिकामी पट्टी. शेजारच्या खुर्चीत त्याच्या आई, रुक्मिणीबाई, बसल्या होत्या. पट्टी त्यांनीच आणली होती, थेरगावातल्या मेडिकलमधून.

रविराज चाकणच्या एका कंपनीत फिटर. किडनीचा कॅन्सर फुप्फुसात उतरला, तेव्हापासून शरीराचीच ताकद कॅन्सरवर सोडणारी इंजेक्शनं चालू होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रोज चाला, ज्वारी-डाळी खा, पोटातले जंतू चांगले राहिले पाहिजेत. धाराशिवकडून थेरगावात आल्यापासून रुक्मिणीबाईंनी दवाखान्यांच्या फरशा फिनेलनं पुसलेल्या. जंतू म्हणजे मारायची वस्तू, एवढंच त्यांना ठाऊक. तो चांगला कसा असेल? पोराला जुलाब लागले तशा त्या तडक दुकानात गेल्या. “जंतू मारायची कडक गोळी द्या,” म्हणाल्या. आणि चालायला तर त्यांनी त्याला उंबऱ्याबाहेर पडू दिलं नाही. आजारी माणसानं पडून राहावं, हे काय कुणी शिकवायचं असतं?

“मीच आणल्या,” रविराज म्हणाला.

बाई चिडल्या नाहीत. “जुलाब या इंजेक्शनांमुळेही होतात. आधी मला फोन करायचा. या गोळ्या चांगल्या जंतूंनाही मारतात हो. रक्तातल्या शिपायांना कॅन्सरशी लढायला तेच जंतू मदत करतात. व्यायामानं त्या जंतूंचं काम सुधारतं, असं उंदरांमध्ये दिसलंय.”

“मंग गाठी वाढल्या त्या ह्या गोळ्यांनीच का?” रुक्मिणीबाईंनी विचारलं.

“तसं सांगता येणार नाही, आजी. इंजेक्शन लागूच पडत नाही, असेही पुष्कळ असतात.”

बाई हो म्हणाल्या असत्या तर ऊर बडवून घेता आला असता. नाही म्हणाल्या असत्या तर देवाला हात जोडता आले असते. रुक्मिणीबाईंना काहीच वाटेना. टेबलावरची रिकामी पट्टी उचलून त्यांनी पिशवीत टाकली.

बसमधून दोघं घराजवळच्या डांगे चौकात उतरले.

“रिक्षा कर,” त्या म्हणाल्या.

“चालत जाऊ.”

थोडं चालल्यावर त्यांनी विचारलं, “खोटं कशाला बोललास रं?”

“कुनी आनल्या, त्यानं काय फरक पडायलाय?”

“माज्या हातानं झालं, रवी.”

“आई, ते कुनालाच ठाव न्हाई. डॉक्टरला बी न्हाई. तू चल माज्या संगं. एकट्याला चालू वाटंना मला.”

त्या पाय ओढत चालत होत्या. रविराजने त्यांचा दंड धरला. त्याला धाप लागत होती, पण पकड त्याने सोडली नाही.

कडेला बसलेल्या भाजीवालीने टोपली मागे ओढून वाट करून दिली.

“सावकाश ने रं भाऊ म्हातारीला. आजारी हाय व्हय?”

“व्हय,” रविराज म्हणाला, आणि आईला घेऊन हळूहळू पुढे गेला.