पिवळ्या फितीची गिंको

मी एक जुनी गिंको आहे, मित्रांनो. 'जुनी' म्हणते, कारण आमच्यात नराचं झाड वेगळं आणि मादीचं वेगळं, आणि मी मादी. तोक्योच्या ओजिमा भागात सरकारी घरांची मोठी वसाहत आहे. तिथल्या एका इमारतीला लागून मी उभी आहे. माझ्या खोडाला पिवळी फीत बांधलेली दिसेल तुम्हाला. ती शोभेची नाही. पुढच्या आठवड्यात करवत घेऊन माणसं येतील, त्यांना झाड ओळखता यावं म्हणून ती बांधली आहे.

आमचं घराणं फार जुनं. चीड, देवदार, वसाहतीच्या ऑफिसच्या दारातला तो बुटका सायकस, हे सगळे माझे भाऊबंद. आम्हाला फुलं येत नाहीत आणि फळंही धरत नाहीत. आंबा आपली कोय गरात लपवून ठेवतो, आमची बी मात्र उघड्यावरच वाढते. माझ्या बीवर पिवळसर मऊ साल असते, तिला लोक खुशाल फळ म्हणतात. म्हणोत बापडे! वसंतात वारा रस्त्यापलीकडच्या नराचे पराग घेऊन येतो. ते माझ्या कोवळ्या बीजांडांत शिरतात आणि सगळा उन्हाळा नुसते थांबून राहतात. पुढचं काम होतं ते पार सप्टेंबरात. घाई आमच्या स्वभावातच नाही.

मला इथे लावलं तेव्हा मी हातभर रोप होते. नर की मादी, कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण आमच्यात ते कळायलाच पंचवीसेक वर्षं जातात. मग मला बिया धरल्या आणि साऱ्या वसाहतीला कळलं, तेही नाकानं. पिकून पडलेल्या सालीला खवट लोण्याचा वास येतो, हे मी कबूल करते. पण आतली बी भाजली की अशी गोडसर लागते, की तळमजल्यावरच्या कावाबे-सान, म्हणजे कावाबेबाई, दर नोव्हेंबरात हातमोजे घालून माझ्याखाली वाकायच्या. त्या एकट्याच राहतात. बिया धुवायच्या, वाळवायच्या आणि शेजारणींना पुड्या बांधून द्यायच्या, हा त्यांचा दरवर्षीचा सोहळा. माझी पानं पिवळी झाली की येणारेजाणारे थांबून वर बघायचे. फार कौतुक झालं माझं तेव्हा.

गेल्या वर्षी माझ्या फांदीसमोरच्या घरात पुण्याचं कुटुंब राहायला आलं. अनुराग कॉम्प्युटर इंजिनिअर, त्याची बायको विभा, आणि शाळेत जाणारी त्यांची मुलगी नेत्रा. विभा घरी लोणी कढवून तूप करायची. नोव्हेंबर आला, माझ्या बिया पडू लागल्या आणि नेत्रानं गॅलरीत येऊन नाक दाबलं. "कुसाई!" ती जपानीत ओरडली. म्हणजे, घाण वास.

कचरा चुकीच्या पिशवीत टाकला म्हणून विभानं आधीच एकदा बोलणी खाल्ली होती. आता हा खवट लोण्याचा वास, आणि अख्ख्या इमारतीत तूप कढवणारं घर एकच! खाली उतरून तिनं वास कुठून येतो ते शोधलं.

"अरे, सगळ्यांना वाटणार, आपल्याच किचनमधून येतोय," ती अनुरागला म्हणाली. "मी वसाहतीच्या ऑफिसात जाऊन क्लिअर करून येते."

मोडक्यातोडक्या जपानीत तिनं सांगितलं, की वास आमच्या घरातला नाही, बाहेरच्या झाडाचा आहे. बिचारीला फक्त स्वतःवरचा आळ टाळायचा होता. ऑफिसातल्या माणसानं वाकून वाकून माफी मागितली. विभाला वाटलं, मिटलं एकदाचं.

पण इथली रीत अशी, की कुणी त्रास सांगितला तर तो कानाआड करत नाहीत. रहिवाशांच्या सभेत विषय निघाला. नव्या परदेशी कुटुंबाला झाडाचा त्रास होतो, तर मादी काढून नराचं कलम लावावं का, म्हणजे बियाही नकोत आणि वासही नको? कुणीच हरकत घेतली नाही. कावाबे-सानसुद्धा मान खाली घालून बसल्या. आणि विभा सभेला गेलीच नाही, भाषा कळणार नाही म्हणून.

जूनमध्ये माझ्या खोडाला फीत बांधली, तेव्हा कावाबे-सान माझ्यापाशी उभ्या होत्या. विभानं त्यांना विचारलं, "हे कशासाठी?"

"तोडणार आहेत. वासाचा त्रास होतो ना."

"कुणाला होतो त्रास?"

कावाबे-सान अडखळल्या. "तुम्हाला."

विभाचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही हो! वास आमच्या घरातला नाही, एवढंच सांगायला गेले होते मी. तुम्ही सभेत का नाही बोललात?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं. नवीन आला होतात."

मला ओरडावंसं वाटलं, मित्रांनो. एकीनं दुसरीचं मन राखलं, दुसरीनं आपली अब्रू राखली, आणि जीव माझा चालला.

दुसऱ्या दिवशी विभा अनुरागला घेऊन ऑफिसात गेली. झाड राहू द्या म्हणून तिनं परोपरीनं विनवलं. "संकोच करू नका, विभा-सान," तो माणूस हसून म्हणाला. "सगळ्यांनी मिळून ठरवलंय." त्याला वाटलं, ती निव्वळ भिडेखातर बोलतेय. ती परत आली आणि माझ्या बुंध्याला टेकून रडली.

मग कावाबे-साननी तिला गेल्या वर्षीच्या मूठभर बिया दिल्या. विभानं त्या गॅलरीतल्या कुंडीत पेरल्या. तेव्हापासून रोज सकाळी ती पाणी घालते. नेत्राही आता नाक दाबत नाही, मातीवर वाकून कोंब शोधते.

मित्रांनो, बी पेरायची तर ओली असतानाच पेरा, आणि बोलायचं ते वेळेवर बोला. शेजारच्याचं मन राखायचं असेल, तर आधी त्याच्या मनात काय आहे ते विचारा. झाडाला स्वतःची बाजू मांडता येत नाही, ती तुम्हालाच मांडावी लागते.

कावाबे-सानच्या कपाटात त्या बिया केव्हाच वाळून मेल्या आहेत. आजही विभानं त्यांना पाणी घातलं. मी समोरच होते, पण मला तिला सांगता आलं नाही.